‘बरं नाही का?’ विचारणाऱ्यांसाठी ऑपरेशन करावं का?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, मी ५८ वर्षांची आहे. साताऱ्याजवळच्या गावात माध्यमिक शाळेत शिकवत होते, नुकतीच निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी साखर निघाली. पथ्य करून, रोज चालून अकरा किलो वजन उतरवलं. साखर ताब्यात आली, पण त्याबरोबर चेहराही उतरला. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना मांस लोंबतं, गळ्याला दोन दोऱ्या दिसतात, वरच्या पापण्या डोळ्यांवर आल्या आहेत. भेटेल तो विचारतो, ‘बरं नाही का?’ मला चांगलं बरं आहे हो! मुलीचं लग्न अकरा आठवड्यांवर आलंय. शहरातल्या एका ब्यूटी क्लिनिकमध्ये म्हणाले, धागे घालून तासाभरात चेहरा उचलून देतो. मोबाइलवर वाचावं तर फेसलिफ्ट, मिनी लिफ्ट, डीप प्लेन अशी नावं. मिस्टर म्हणतात, ‘या वयात हे विलायती खूळ कशाला?’ बीपीची गोळी चालू आहे. आणि खरं सांगते, सकाळची मिश्री अजून सुटलेली नाही. मी काय करू? चेहरा ओढून ताणून भलताच तर होणार नाही ना?
– एक शिक्षिका

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आधी तारखेचं बोलते, कारण तेच सगळ्यात निकडीचं आहे. या अकरा आठवड्यांत फेसलिफ्ट, म्हणजे ओघळलेला चेहरा उचलून शिवायचं ऑपरेशन, करून घेऊ नका आणि त्याच्याऐवजी म्हणून धागेही घालून घेऊ नका. लग्न होऊ द्या, मुलीची पाठवणी होऊ द्या, घर जरा निवांत झालं की मग या विषयाकडे वळा.

हिशेब करून बघा. मिश्री सोडल्यावर निदान चार आठवडे जायला हवेत, साखरेचा, रक्तदाबाचा, हृदयाचा तपास त्यातच उरकेल. म्हणजे पाचव्या आठवड्याआधी ऑपरेशन नाही. पुढचे दोन आठवडे चेहरा सुजलेला आणि काळानिळा. तिसऱ्या आठवड्यात बाई भाजी आणायला बाहेर पडू शकते, पण जवळच्या माणसाच्या लक्षात येतंच. सहा आठवड्यांनी इतरांना काही कळत नाही, मात्र तुमचे गाल तुम्हाला ताठर लागतात, कानापुढची कातडी बधिर असते, हसू थोडं अडखळल्यासारखं वाटतं. सूज पूर्ण उतरून चेहरा मऊ पडायला सहा महिने धरा आणि व्रण फिके व्हायला वर्ष. अशा अवस्थेत तुम्ही याद्या करणार, रुखवत मांडणार, रात्री दोन वाजेपर्यंत जागणार, आणि त्या दिवसाचे फोटो पुढची तीस वर्षं बघणार. नको.

ऑपरेशनच करू नका, असं मात्र मी म्हणत नाही. लोंबणारे गाल, गळ्याच्या दोऱ्या, वजन उतरल्यावर सैल पडलेला चेहरा आणि ताब्यात आलेली साखर, हे तुमचं वर्णन वाचून मला वाटलं की फेसलिफ्टचा ज्यांना खरोखर उपयोग होतो त्यांच्यापैकी तुम्ही आहात. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय याहून जास्त म्हणता येणार नाही.

मिस्टरांच्या बोलण्याचं मनाला लावून घेऊ नका, पण त्याला उत्तर द्यावंसं वाटतं. पॅरिसमध्ये सुझान नोएल नावाच्या एक सर्जन होऊन गेल्या. पहिल्या महायुद्धात चेहरे फाटून आलेल्या सैनिकांवर त्यांनी काम केलं आणि १९२६ मध्ये त्यांनी सौंदर्यशस्त्रक्रियेवर पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातच या शस्त्रक्रियेची सामाजिक भूमिका असे शब्द होते. ‘वय दिसतं’ म्हणून ज्यांची नोकरी जात होती, जाणार होती, अशी बायका-माणसं त्यांच्याकडे येत. हौसेपेक्षा पोटाचा प्रश्न मोठा होता. तुमचा प्रश्न पोटाचा नाही, तरीही तो खरा आहे. मनात उत्साह असताना समोरच्यानं दर वेळी ‘बरं नाही का?’ विचारावं, याचा शीण येतो. मी तो शीण माझ्या खोलीत बसलेल्या कितीतरी जणींच्या तोंडून ऐकला आहे. ‘मला तरुण दिसायचंय’ असं फार थोड्या म्हणतात. ‘मी थकलेले नाही, पण दिसते’ असं बहुतेकींचं म्हणणं असतं.

आता, चेहरा उतरतो म्हणजे काय होतं ते नीट समजून घ्या. हे कळलं की जाहिरातीतली निम्मी नावं आपोआप गळून पडतील.

आपल्या लहानपणी पिंजारी येऊन अंगणात गादी भरून द्यायचा ते आठवतंय? वर खोळ, आत कापूस, आणि कापूस हलू नये म्हणून मधेमधे आरपार मारलेले जाड दोऱ्याचे टाके. चेहरा जवळजवळ तसाच शिवलेला आहे. कातडी ही खोळ. तिच्याखाली चरबी, आणि ती एकसंध थर नसून वेगवेगळ्या कप्प्यांत भरलेली असते. २००७ मध्ये अमेरिकेत रोरिक आणि पेसा या दोघांनी मृतदेहांच्या चेहऱ्यांत निळा रंग टोचून हे कप्पे दाखवून दिले. रंग एका कप्प्यात भरला की तिथेच थांबायचा, शेजारच्यात जायचा नाही. चरबीच्या खाली एक पातळ, चिवट पडदा असतो, त्याला आम्ही स्मास म्हणतो. हाच पडदा गळ्यात उतरून प्लॅटिस्मा नावाच्या पातळ स्नायूला मिळतो. आणि हाडापासून निघून या सगळ्यातून कातडीपर्यंत जाणारे काही चिवट बंध असतात, ते गादीचे टाके.

वय वाढतं तसा पडदा सैलावतो आणि कापूस खाली घसरतो. घसरता घसरता तो टाक्यापाशी अडतो. हनुवटीच्या बाजूला असा एक पक्का टाका आहे, त्याच्या मागे गालाचं मांस येऊन साठतं. तुम्ही जे लोंबतं म्हणता ते हेच. काही कप्प्यांतली चरबी आटते, विशेषतः गालाच्या उंचवट्याची आणि डोळ्यांखालची, म्हणून वर खळगा आणि खाली फुगवटा दिसतो. त्यात तुम्ही अकरा किलो उतरवलेत. पोटाची चरबी जाते तशी चेहऱ्याचीही जाते, कातडी मात्र तेवढीच राहते. वजन उतरवण्याची आठवड्याची इंजेक्शनं घेणाऱ्यांमध्येही मी हे हल्ली बघते आहे. आणि सगळ्यात खाली हाड. डोळ्यांच्या खोबण्या वयाबरोबर रुंदावतात, वरचा जबडा थोडा मागे सरतो. दाढा काढल्या असतील तर त्या जागचं हाड लवकर झिजतं आणि गाल आत बसतो. तुमच्या पत्रात दातांचा उल्लेख नाही. पडलेल्या दाढांच्या जागी काही बसवलं नसेल तर आधी दातांच्या डॉक्टरांकडे जा. गालाला आतून आधार मिळाला की पुष्कळदा माझं काम कमी होतं.

गोऱ्या कातडीच्या लोकांना बारीक सुरकुत्या लवकर पडतात. आपली कातडी रंगानं गडद आणि जरा जाड, उन्हाला जास्त टिकणारी, त्यामुळे आपल्याकडे सुरकुत्या उशिरा येतात. ओघळणं आणि डाग हेच जास्त. म्हणून ओघळलेल्या गालावर महागडी मलमं चोळणं किंवा लेझर मारत राहणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

हे ऑपरेशन सुरू झालं तेव्हा सगळा भर खोळीवरच होता. १९०१ मध्ये बर्लिनच्या ऑयगेन होलेंडर यांनी एका पोलिश उमराव स्त्रीच्या केसांच्या कडेची आणि कानापुढची कातडी थोडी कापून शिवून दिली, ती बहुधा या प्रकारची पहिली शस्त्रक्रिया. पुढची साठ-सत्तर वर्षं जगभर थोड्याफार फरकानं तेच चाललं होतं. कातडी सोडवायची, मागे ओढायची, जास्तीची कापायची, शिवायची. यात अडचण अशी की कातडी मुळात ताणली जाण्यासाठीच बनलेली आहे. खोळ ओढली तरी आतला कापूस जागचा हलत नाही, वर्ष-दोन वर्षांत खोळ पुन्हा सैल होते, आणि मधल्या काळात माणूस वाऱ्यात उभा असल्यासारखा दिसतो. तुम्हाला ज्याची भीती वाटते तो ओढलेला चेहरा या पद्धतीचा.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या. फार वर्षांपूर्वी कुठेतरी असंच निव्वळ कातडीचं ऑपरेशन झालेलं. गाल पुन्हा ओघळले होतेच, शिवाय कानाच्या पाळ्या गालाला चिकटून खाली ओढल्या गेलेल्या आणि कानामागे रुंद, पांढरे व्रण. वीस वर्षं त्यांनी केस कधी वर बांधले नव्हते. अंबाडा घालायची त्यांना फार आवड होती. त्यांच्या पाळ्या मोकळ्या करून देताना मला राहून राहून वाटत होतं, सगळा ताण कातडीनं सोसावा अशी अपेक्षाच का केली असेल?

स्वीडनमधल्या उप्साला इथल्या टोर्ड स्कूग यांनी ती अपेक्षा सोडली. कातडी तिच्याखालच्या पडद्यापासून न सोडवता दोन्ही मिळून उचलायची, ही त्यांची पद्धत १९७४ मध्ये त्यांच्या ग्रंथात आली. दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, फ्रान्सच्या मित्झ आणि पेरोनी यांनी तो पडदा तपशीलवार दाखवला आणि त्याला स्मास हे नाव मिळालं. तेव्हापासून चांगलं फेसलिफ्ट म्हणजे पडद्याचं काम. ताण पडद्यावर घ्यायचा आणि कातडी वरून नुसती बसवायची, कातडीच्या शिवणीवर ओढ नाही. कातडीवर ओढ नसली की व्रण बारीक येतो आणि चेहरा ओढलेला दिसत नाही. मला या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. तुम्ही ज्या कुणाकडे जाल त्यांना हे विचारा: ‘ताण कुठल्या थरावर देणार?’

पडदा कसा उचलायचा याच्या बऱ्याच रीती आहेत, आणि तुम्ही वाचलेली नावं त्यांचीच आहेत. सोपी रीत म्हणजे पडदा न उघडता त्यालाच चुणी घालून शिवणं. बेल्जियममधल्या गेंट इथल्या टोनार आणि व्हेरपाल यांनी छोट्या छेदातून, बटव्याच्या नाडीसारखे टाके घालून गाल सरळ वर उचलण्याची पद्धत बसवली. मिनी लिफ्ट म्हणून जे सांगितलं जातं ते साधारण या कुळातलं असतं, निदान असायला हवं. काही ठिकाणी ‘मिनी’ म्हणजे फक्त थोडी कातडी कापणं असतं. चाळिशीच्या शेवटी, गळा अजून चांगला असताना छोटं ऑपरेशन पुरतं. तुमच्या गळ्याच्या दोऱ्यांना ते पुरेल असं मला वाटत नाही.

डीप प्लेन म्हणजे पडद्याच्या खाली शिरून ते टाके, म्हणजे हाडाला धरून असलेले बंध, सोडवायचे आणि पडदा, चरबी, कातडी यांचा जाड थर एकत्र वर सरकवून नव्यानं शिवायचा. अमेरिकेतल्या सॅम हॅमरा यांनी १९९० मध्ये ही पद्धत या नावानं मांडली. टाके सोडवल्यावरच कापूस मोकळा होतो, हे तुम्हाला गादीवरून कळलंच असेल. जड गाल, नाकापासून ओठापर्यंतची खोल घडी, अशा चेहऱ्यांवर ही पद्धत मला आवडते. पण चेहरा हलवणाऱ्या मज्जातंतूच्या फांद्या तिथून अगदी जवळ असतात, म्हणून हात तयार लागतो. हल्ली ‘डीप प्लेन’ या शब्दाला भाव आलाय आणि तो शब्द ऐकूनच लोक सर्जन निवडतात. ते करू नका. १९९५ मध्ये अमेरिकेत एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या दोन जोड्यांवर चार नामांकित सर्जननी आपापल्या चार वेगळ्या पद्धतींनी फेसलिफ्ट केलं. दहा वर्षांनी ते चौघे चेहरे शेजारी ठेवून बघितले, तर कुठली एक पद्धत उघड सरस ठरली असं काही दिसलं नाही. सर्जनचा हात ज्या पद्धतीत बसला आहे ती पद्धत चांगली.

तुमच्या गळ्याच्या दोऱ्या म्हणजे प्लॅटिस्मा स्नायूच्या पुढच्या दोन कडा. तरुणपणी त्या हनुवटीखाली जवळजवळ असतात, वयानं सैल पडून वेगळ्या होतात. हनुवटीखाली दोन-तीन सेंटीमीटरचा छेद घेऊन त्या मधोमध एकमेकींना शिवायच्या आणि बाजूनं कानामागून ओढून घ्यायच्या. गाल आणि गळा एकाच बैठकीत करावेत, कारण दोन्हीचा पडदा एकच आहे. सगळं मिळून तीन ते पाच तास, बहुधा पूर्ण भूल देऊन. छेद कानशिलाच्या केसांपासून सुरू होतो, कानाच्या पुढच्या घडीतून उतरतो, पाळीला वळसा घालून मागे केसांत जातो.

कानावरून आठवलं. जड झुबे, वेल घालून पाळीचं भोक लांब झालं असेल तर ते त्याच वेळी शिवून घ्या आणि नवं भोक नंतर पाडा. आपल्या बायकांमध्ये हे फार दिसतं, सांगायचं मात्र त्या विसरतात.

पापण्यांचं गणित वेगळं. वरच्या पापणीची जास्तीची कातडी काढणं हे जागेवर भूल देऊन तासाभरात होणारं काम, टाके पाच-सात दिवसांत निघतात. पण आधी बघायला हवं की पापणीची कातडी वाढली आहे, पापणी उचलणारा स्नायू ढिला पडलाय की भुवईच खाली आली आहे. तिन्हींत डोळा लहान दिसतो, इलाज तिन्हींचे वेगवेगळे. घरी बघा. आरशासमोर डोळे मिटून कपाळ अगदी सैल सोडा, मग कपाळाला आठी न घालता डोळे उघडा. भुवई हाडाच्या खाली उतरली आणि डोळ्यावर भार आला तर दोष भुवईचा असू शकतो, आणि तेव्हा नुसती पापणी कापली तर भुवई आणखी खाली येते. डोळे कोरडे पडतात का, रात्री चुरचुरतात का, हेही सांगा. कोरड्या डोळ्यांवर हे ऑपरेशन फार जपून करावं लागतं. बाजूचं दिसायला अडथळा होत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तशी चाचणी करून घ्या. लग्नाआधी काही करायचंच असेल तर तपासणीनंतर फक्त हे एक होऊ शकतं, तेही मिश्री आजच सुटली तर.

गालाच्या उंचवट्यावर आणि डोळ्यांखाली जी चरबी आटली आहे ती तुमच्याच पोटाची थोडी चरबी काढून, बारीक सुईनं भरता येते. भरलेल्यातली सगळी टिकत नाही, किती टिकेल हे माणसागणिक बदलतं. मी ती फेसलिफ्टच्या वेळीच, हात राखून भरते.

धाग्यांबद्दल. त्यांना बारीक काटे असतात, ते कातडीखालच्या चरबीत अडकतात आणि थोडं उचललं जातं. विरघळणारे धागे साधारण सहा महिन्यांत विरतात, उठाव काही महिने टिकतो. गाल जेमतेम ओघळलेला असेल तर ठीक. तुमच्यासारख्या चेहऱ्यात ते गादीच्या वरच्या कापसात सुई अडकवून अख्खी गादी उचलण्यासारखं होईल. कातडीवर खळी पडणं, धागा हाताला लागणं, एक बाजू वर आणि एक खाली, हे घेऊन आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यातली एक तर मुलाच्या साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात आली होती.

आता धोके, न लपवता. सगळ्यात नेहमीचा धोका म्हणजे कातडीखाली रक्त साठणं. शंभरात साधारण दोन ते चार जणींना होतं, पुरुषांत त्याहून जास्त, आणि बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांत. एकाच गालावर अचानक वाढणारी वेदना आणि फुगवटा ही खूण. तेव्हा लगेच टेबलावर नेऊन ते रक्त काढावं लागतं, म्हणून मी पहिली रात्र रुग्णालयात राहायलाच सांगते, मग घर कितीही जवळ असो. याचं मोठं कारण वाढलेला रक्तदाब. तुमची बीपीची गोळी ऑपरेशनच्या दिवशीही चुकता कामा नये, मात्र कोणती गोळी घ्यायची, कोणती थांबवायची हे भूलतज्ज्ञांना विचारून. ॲस्पिरिन, माशाच्या तेलाच्या गोळ्या, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल, कुणी दिलेला काढा, यातलं काही घेत असाल तर ते सगळं लिहून न्या. रक्त पातळ करणारं औषध हृदयासाठी चालू असेल तर ते स्वतःच्या मनानं कधीही बंद करू नका.

मज्जातंतूला इजा होऊन ओठाची किंवा भुवईची हालचाल कमी होणं, याची सगळ्यांनाच धास्ती असते. बहुतेक वेळा ते तात्पुरतं असतं, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भरून येतं. कायमचं शंभरात एकापेक्षाही कमी जणांना. त्याहून जास्त वेळा दुखावते ती कानाच्या पाळीला जाणीव देणारी नस. मग कानातल्याची फिरकी लावताना पाळीला काही कळतच नाही. बहुतेकींचं हे सुधारतं, काहींचं थोडं राहतं. आपल्या कातडीत कानामागचा व्रण कधी जाड होतो किंवा काळपट पडतो. पूर्वी कुठल्या जखमेचा, लशीचा, कान टोचल्याचा व्रण वाढून गाठ झाली असेल तर हे आधीच सांगा.

मिश्रीकडे आता येते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिची आहे. गालाची कातडी आपण सोडवून उचलतो तेव्हा तिचा खालून येणारा रक्तपुरवठा तुटतो आणि ती फक्त एका बाजूनं, चेहऱ्याच्या मधल्या भागाकडून येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवर जगते. निकोटीन याच वाहिन्या आवळतं. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रीस आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात फेसलिफ्टनंतर कातडी मरण्याचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये बारापट निघाला. मिश्रीत धूर नसतो, पण निकोटीन असतंच, आणि ते हिरडीतून सरळ रक्तात जातं. कानामागची कातडी काळी पडून गळते तेव्हा जखम भरायला आठवडे लागतात आणि व्रण आयुष्यभर राहतो. माझ्या रुग्ण मला सिगारेटचं कधी लपवत नाहीत, मिश्रीचं हमखास लपवतात, कारण मिश्री म्हणजे तंबाखू हेच कुणाला वाटत नाही. तुम्ही न विचारता लिहिलंत, याचं मला फार बरं वाटलं. आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. निकोटीनची च्युइंगमही नको, त्यातही तेच आहे.

मिस्टरांचं ‘विलायती खूळ’ इथे पुन्हा आठवलं. टिपूच्या सैन्यानं नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक पुण्याच्या एका वैदूनं कपाळाच्या कातडीनं नव्यानं घडवलं, ते इंग्रज डॉक्टरांनी पाहिलं आणि १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात चित्रासकट छापून आलं. त्यावरून विलायतेतले सर्जन शिकले. त्या वैदूची खुबी अशी की कातडी कपाळापासून पूर्ण न तोडता देठासारखी जोडलेली ठेवायची, म्हणजे तिचं रक्त चालू राहतं. मी आज तुमच्या गालाच्या कातडीसाठी जपते ती हीच गोष्ट. मिस्टरांना हे जरूर सांगा.

मिळेल काय? २०१३ मध्ये एक अभ्यास आला. ४९ जणांचे ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे फोटो अनोळखी लोकांना दाखवून वय ओळखायला सांगितलं. सरासरी ३.१ वर्षांनी कमी वाटलं, आणि सुंदर दिसण्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. जाहिरातीतल्या ‘पंधरा वर्षांनी तरुण’शी हे ताडून बघा. माझ्या अनुभवात बायकांना जबड्याची कड परत दिसते, गळा मोकळा होतो, आणि लोक म्हणतात, ‘रजेवर होतात का?’ तुम्हाला हवंय ते बहुधा हेच. वय मात्र थांबत नाही, दहा एक वर्षांत बरंच परत ओघळतं.

सर्जन निवडताना एम.सीएच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरी ही पदवी आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी बघा. पापण्यांसाठी त्या कामाचं शिक्षण घेतलेले नेत्रतज्ज्ञही चालतात. त्यांनी केलेल्या तुमच्याच वयाच्या, आपल्याच रंगाच्या बायकांचे वर्षभरानंतरचे फोटो मागा, तेही कानामागचे. भूलतज्ज्ञ कोण, अतिदक्षता विभाग आहे का, रात्री दोन वाजता रक्त साठलं तर कोण येणार, हे विचारा. या प्रश्नांवर कुणाला राग आला तर उठून या. मेडिक्लेम या खर्चाला लागू होत नाही आणि उपचारांच्या शस्त्रक्रियांना मिळते ती जीएसटीची सूटही नाही, तेव्हा खर्चाचा आकडा करासकट, लेखी घ्या. मुलीच्या लग्नाचं कर्ज डोक्यावर असेल तर आधी ते फेडा, चेहरा थांबू शकतो.

वजन निदान सहा महिने एका जागी राहू द्या. आणखी पाच किलो उतरवायचे असतील तर ते आधी. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा सातच्या आसपास असावा. ऑपरेशननंतर दोन आठवडे दोन-तीन उशांवर डोकं उंच ठेवून झोपायचं, वाकून केर काढायचा नाही, ठुशी-बिशी काही गळ्यात नाही, उन्हात टोपी किंवा पदर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आरशात बघून तुम्हाला रडू येईल. बहुतेकींना येतं, कारण सूज तेव्हा सगळ्यात जास्त असते. त्या दिवसांसाठी घरात असं माणूस ठेवा जे ‘तरी मी म्हणत होतो’ म्हणणार नाही.

आता या अकरा आठवड्यांचं. मिश्रीची डबी आज घराबाहेर काढा, आणि एकटीनं जमत नसेल तर १८००११२३५६ या सरकारी तंबाखूमुक्ती फोनवर बोला. लग्नात आंबाड्यावर गजरा माळा आणि फोटोवाल्याला कॅमेरा तुमच्या डोळ्यांच्या जरा वरून धरायला सांगा, गळ्याच्या दोऱ्या निम्म्या दिसेनाशा होतात. लग्नानंतर तपासणीला जाल तेव्हा चाळिशीतला एखादा साधा फोटो बरोबर न्या, मेकअप नसलेला, शाळेतला असला तर उत्तम. तुमचा गाल मुळात कुठे होता हे सर्जनला त्यातूनच कळतं.

तुमची,
डॉक्टर